डावीकडची पात

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज एक पान लिहायचं. काय लिहायचं ते सांगितलं नाही. वहीच्या डाव्या कडेला लाल रेघ असते, ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि तिथूनच ओळ सुरू करायची, एवढंच. माझी शाळा चौथीपर्यंतची. पहिले दोन महिने शाळेतल्या कविता आठवतील तशा पुन्हा पुन्हा लिहिल्या, मग भाज्यांची नावं लिहिली. तीही संपली. म्हणून आता जे झालं तेच लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाही.

आषाढात धानाचे रोवणे सुरू झाले त्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. सकाळी चुलीपुढे बसले होते. डाव्या हातातली सांडशी खाली पडली. उचलायला गेले तर हात जड. तोंड वाकडं झालं असं आमचे मालक म्हणाले, मला तसं काही वाटलं नाही. गावात सगळे म्हणाले, वारं लागलं. गरम तेलानं हात चोळला, गळ्यात दोरा बांधला, चार दिवस घरात पडून राहिले. पाचव्या दिवशी हात डोक्याच्या वर जायला लागला, तोंड सरळ झालं. वारं उतरलं, असं ठरलं. दवाखान्यात जायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आमची आठ बायांची टोळी. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आठ जणी ओळीनं उभ्या राहतो आणि वाकून मागं मागं सरकत धान रोवतो. प्रत्येकीच्या पुढ्यात हातभर-दीड हात रुंद पट्टा असतो, त्याला पात म्हणतात. आपली पात आपण भरायची. डाव्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंडी धरायची, उजव्या हातानं दोन-तीन काड्या सोडवून चिखलात खोचायच्या. लग्न झाल्यापासून करते. त्यात बघण्यासारखं काही नसतं, हात आपोआप चालतो.

माझ्या डाव्या अंगाला माझी जाऊ होती. मोठ्या दिराची बायको. आमची घरं एका भिंतीची. ती बोलकी, मी मुकी. टोळीत माझ्या वाटचं बोलणंही तीच बोलते.

त्या दिवशी थोडं रोवून झाल्यावर ती कंबर सरळ करून उभी राहिली.

"अवं, तुह्या पातीत एवढी जागा काहून सुटून राहिली?"

मी पाहिलं. माझ्यापुढं सगळं हिरवं होतं. "कुठं?"

"कुठं म्हणते! डोळे फुटले काय? हे, माह्या अंगाकडं."

मी पुन्हा पाहिलं. हिरवंच होतं. मी पुढचं रोवायला लागले.

पलीकडून एक जण म्हणाली, "देवाले सोडली असन."

"देवाले मूठभर सोडतात वं, हिनं तर अर्धी पात सोडली."

सगळ्या हसल्या. मग टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई तोंडातला तंबाखूचा खर्रा गालात सरकवून म्हणाली, "तुमाले नाही समजत. जावाजावांचं आहे ते. जावेच्या अंगाकडचं रोवत नाही, म्हणजे मोठीनं आपलं रोवून हिचंही भरावं."

हे म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. अशी चोरी बाया करतात. पात हळूहळू अरुंद करत नेतात, शेजारणीची आपोआप रुंद होते. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेताचा मालक पाहत असतो, त्याला दिसतात फक्त भरलेल्या ओळी. पण मी असं कधी केलं नव्हतं, आणि जावेला ते माहीत होतं. तरी आठ जणींत हसू झालं म्हणून तिचा चेहरा लाल झाला. तिनं माझी जागा भरली. दुपारपर्यंत भरत राहिली. माझ्या हातातली पेंडी दोनदा पाण्यात पडली आणि माझा उजवा हात रिकाम्या डाव्या हातातून काड्या तोडत राहिला. तेही तिनंच पाहिलं. पण तोपर्यंत ती बोलायची बंद झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत शिदोऱ्या ज्या धुऱ्यावर ठेवल्या होत्या तिथं गेलो. तो धुरा बांधीच्या दुसऱ्या टोकाला, जिथून आम्ही रोवायला सुरुवात केली तिथं. तिथून मागं वळून पाहिलं तर माझ्या पातीत, आता उजव्या अंगाला, एक पट्टा दिसला, तो ताज्या हातानं भरलेला होता, वाकडातिकडा, जावेच्या घाईचा. आणि शेवटी शेवटी जिथं तिनंही सोडून दिलं होतं तिथं नुसतं पाणी. पाण्यात आभाळ दिसत होतं. जेवण झाल्यावर परत आपल्या जागी येऊन उभी राहिले तर तो पट्टा नाही. सगळं भरलेलं. मी पुन्हा त्या धुऱ्यावर गेले. पट्टा होता. पुन्हा आले. नव्हता.

"येरझारा कायले घालून राहिली?" म्हातारीनं विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही."

खरं तर तेव्हा भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. एखाद्या दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून टोळीनं मला बोलावलं नाही. जावेनं आठ दिवस भिंतीपलीकडून आवाज दिला नाही.

घरात ते आधी मालकांच्या लक्षात आलं, ते असं. मी भाताच्या ढिगाचा उजवा भाग खायचे आणि उठायचे. डावा तसाच, सुरीनं कापल्यासारखा. ताटात डावीकडे चटणी, कांदा, लोणचं असतं. मी रोज म्हणायचे, "आज चटणी नाही वाटली वाटते." वाटणारी मीच, वाढणारी मीच. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा त्यांनी माझं ताट धरून अर्धं फिरवलं. आणि भात आला. चटणी आली. मी म्हटलं, "हे कुठं होतं?" ते म्हणाले, "इथंच होतं."

मग डोळ्यांचाच दोष, असं त्यांनी ठरवलं. साकोलीला चष्म्याच्या दुकानात नेलं. भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता होता. मी वाचलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, पूर्ण ओळ वाचा." मी म्हटलं, पूर्णच वाचली. त्यानं माझ्या हनुवटीला बोट लावून मान डावीकडे वळवली, तेव्हा ओळीत अजून तीन अक्षरं निघाली. त्यानं मालकांना बाजूला नेलं. "डोळे चांगले आहेत काका. चष्मा देऊन पैसे घेतले तर पाप लागेल. भंडाऱ्याला घेऊन जा, डोकं दाखवा."

भंडाऱ्याला डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिनं कागदावर पुष्कळ बारीक रेघा ओढलेल्या होत्या, म्हणाली, सगळ्या रेघांवर काट मारा. मी सगळ्यांवर मारली. तिनं कागद मालकांना दाखवला, मला नाही. मग म्हणाली, डोळे मिटा. डाव्या हाताला बोट लावलं, मी सांगितलं, डावा. उजव्याला लावलं, उजवा. मग मी म्हटलं, पुन्हा उजवा. मालक म्हणाले, "अवं, या वेळी दोन्ही हातांले लावलं."

तिनं समजावून सांगितलं, ते मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. डोळे बघत नाहीत, कान ऐकत नाहीत, कातडीला कळत नाही. ते फक्त आणून टाकतात. आणलेलं सगळं वेगळं करणं, कुठलं कुठं आहे ते लावणं, कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवणं, हे काम डोक्यात होतं. माझ्या डोक्याच्या उजव्या अंगाचं रक्त काही वेळ थांबलं होतं, आणि डाव्या अंगाचं जग लावायचं काम तिथं होतं. आता डोळा डावीकडचं आणतो, पण ते लावायला कोणी नाही. मला आमचा तलाव आठवला. तलाव भरलेला असतो, पाटाला पाणी असतं, पण पाणी वाटणाऱ्यानं तुमच्याकडची मोरी, पाटाचं तोंड, उघडली नाही तर तुमची बांधी कोरडी. मी हे तिला सांगितलं नाही. असं काही बोलायची मला सवय नाही.

एक गोष्ट मात्र मी विचारली. "मग मले तिथं भोक कसं दिसत नाही? काळं कसं दिसत नाही?"

ती म्हणाली, "कारण भोक आहे हे जिथं कळायचं, तिथलंच काम बंद पडलंय मावशी. मेंदूला वाटतं जग एवढंच आहे."

बाहेर बाकावर तिनं मालकांना सांगितलं ते मला ऐकू आलं. काळजी न वाटणं, रडू न येणं, हेही याच आजारात असतं, बायकोला कठोर समजू नका. बसस्टँडवर ते उपरण्यानं डोळे पुसत होते. मी केळं सोलून खात होते. केळं थोडं कच्चं होतं, ते मला चांगलं आठवतं.

जाऊ त्याच संध्याकाळी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मले काय माहीत वं तुह्या डोक्शात मोरी बंद झाली म्हणून." मालकांना मी तेवढं सांगितलं होतं, त्यांनी तिला सांगितलं. "मी आपली भांडत होती, का हे माही पात चोरून राहिली." मग आत येऊन माझ्या डाव्या अंगाला बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही म्हणून ती उठून उजवीकडे येऊन बसली.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

आमची मुलगी लाखांदूरकडच्या गावात दिली आहे. तिला तेव्हा सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. त्यात विचारायचं काही नसतं. दिवाळीच्या सुमारास दिवस भरणार होते. आणि नेमकं त्या दिवसांत हलकं, लवकर पिकणारं धान कापायला येतं. जाऊ, दीर, मालक, सगळे बांधीत. घरात दिवसभर ओली बाळंतीण, लेकरू आणि मी.

मुलीच्या सासूचा, विहीणबाईंचा फोन आला. "तब्येत बरी नव्हती म्हणे?" फोन जावेनं घेतला. "कायची तब्येत! चक्कर आली होती उन्हानं. आता ठणठणीत आहे. पाठवा बिनधास्त." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "आपली पोरगी पहिल्या खेपेले तिथं बाळंत झाली तर लोक काय म्हणतीन? माय जिवंत असून? तू फक्त लेकराले न्हाऊ घालजो, बाकी मी सांभाळतो."

न्हाऊ घालणं हे माझं काम. ते मला येतं. टोळीतल्या अर्ध्या बायांच्या लेकरांना मी न्हाऊ घातलं आहे. पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर पसरायचे, लेकराला नडग्यांवर निजवायचं, डाव्या हातानं मान धरायची, उजव्या हातानं तेल, मग पाणी. न्हाऊ घालताना मला कोणाशी बोलावं लागत नाही आणि तरी लोक माझ्याकडे येतात. असं माझ्याकडे दुसरं काही नाही. म्हणून मलाही वाटत होतं, मुलगी यावी. वाटत होतं म्हणजे डोक्याला माहीत होतं की असं वाटायचं. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, सरावानं थोडं सुधारतं.

पोळा झाल्यावर एका सकाळी आम्ही करून पाहिलं. जुन्या लुगड्याच्या धडप्यात अडीच-तीन किलो धान बांधलं, लेकराच्या वजनाचं. जावेनं एका टोकाला गाठ मारली, ते डोकं. अंगणात पाट टाकला. मी पाय पसरले. गाठोडं नडग्यांवर घेतलं. मान वळवून डावा हात पाहिला, तो गाठीखाली होता. गरम पाणी हातावर घेऊन बघितलं. सगळं बरोबर होतं.

जाऊ समोर उजव्या अंगाला बसून सुपात तांदूळ पाखडत होती आणि बोलत होती. आवाज उजवीकडून येत होता, मी तिच्याकडे बघत होते. तिनं विहीणबाईंची नक्कल केली, मी हसले. हसणं मला जमत होतं. हात चालत होता. तेल लावलं, चोळलं, पाणी घातलं, पुन्हा घातलं.

जावेचं सूप थांबलं.

"लेकरू कुठी आहे?"

"हे काय," मी म्हटलं, "पायावर."

"अवं पाय, पाय पाहा आपले."

"आहे ना पायावर."

मी हे खोटं बोलले नाही. मला ते होतंच. वजनही होतं. माझा उजवा हात माझाच उजवा गुडघा चोळत होता आणि मला वाटत होतं की लेकराची पाठ आहे. जाऊ उठली, माझी मान तिनं दोन्ही हातांनी धरून डावीकडे वळवली. गाठोडं डाव्या पायाच्या पलीकडे, सांडपाण्याच्या मोरीच्या तोंडाशी, गाठ खाली करून पाण्यात पडलं होतं. धान भिजून कापड फुगलं होतं. डावा हात तिथंच बाजूला जमिनीवर पडला होता, रिकामा, पंजा उघडा. तो कधी सुटला ते मला आजही माहीत नाही.

जावेनं गाठोडं उचललं. पदरानं पुसलं. भिजलेल्या धानाला कोणी पदरानं पुसत नाही. मग म्हणाली, "हे कोणाले सांगायचं नाही. समजलं काय? पोरगी येईपर्यंत होईन चांगलं."

मी मान हलवली. नंतर तिनं ते धान उन्हात पसरवलं आणि आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नाही.

त्या दिवशी मी बराच वेळ वाट पाहिली की काहीतरी वाटेल. घाबरेन, रडेन. काही आलं नाही. मग माझ्या मनात असा विचार आला की मला भीती वाटणार नाही, हीच तर गोष्ट आहे. लेकरू मोरीत पडलं तरी मी हसतच राहीन. दुसऱ्या बाईला तिचा जीव सांगतो, सांभाळ. माझा जीव मला काहीच सांगत नाही. म्हणून हे मला नुसतं डोक्यानं ठरवावं लागेल, जसं चौथीत गणित सोडवायचो तसं. गाठोडं पडलं. लेकरूही पडेल. म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊ निंदणाला गेली तेव्हा मी फोन लावला. मुलीच्या लग्नानंतर चार वर्षांत तिच्या सासरी मी स्वतःहून कधी फोन लावला नव्हता. विहीणबाईंनीच उचलला.

"अगं बाई! तुमचा आवाज! आज सूर्य कुठून निघाला?"

मी म्हटलं, "बाळंतपण तुमच्याकडंच करा."

मग त्या म्हणाल्या, "काहून? भारी होऊन राहिली काय पोरगी? आमच्याकडं नाही तशी रीत."

"माह्याच्यानं लेकरू पडन."

"असं अभद्र काय बोलता?"

मग मी सांगितलं. पात, ताट, गाठोडं, सगळं, जसं इथं लिहिलं तसं. मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. आवाज कापला नाही, त्यामुळे त्यांना ते खरं वाटायला वेळ लागला. त्या दोनदा म्हणाल्या, "मजाक तर नाही करत?" शेवटी म्हणाल्या, "मंग तुमच्या जावबाई ठणठणीत कोणाले म्हणत होत्या?"

"त्यांले पोरगी पाहिजे होती घरी."

"आन तुमाले?"

"मलेही."

त्यांनी एक सुस्कारा टाकला. "ठीक आहे. इथं होऊ द्या. पण मी एकलीनं नाही करणार. तुमी या. महिनाभर या."

मुलीच्या सासरी आई राहत नाही. पाणी पिऊन लगेच निघते. मी ते म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, "रीत तुमी मोडली, मी नाही. आता पूर्ण मोडा."

घरी कळल्यावर जाऊ माझ्याशी पुन्हा बोलेनाशी झाली. दिवस भरत आले तेव्हा आम्ही निघालो, एसटीत मालकांनी मला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः माझ्या डाव्या बाजूला बसले.

नात झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली. न्हाऊ विहीणबाई घालतात. त्यांची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी, पाणी जरा जास्त गरम घेतात, कान नीट पुसत नाहीत. मी भिंतीला टेकून बघते. सांगत नाही. मुलगी कधीकधी लेकरू माझ्या मांडीवर देते, पण आधी मला चटईवर बसवते, डाव्या बाजूला उशी लावते आणि स्वतःचा हात खालून काढत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिलाच वाटतं, म्हणून ती दुसरीकडे बघते.

परवाची गोष्ट. मी खोलीत उभी होते, कपड्यांच्या घड्या घालत. मुलगी मागं, डाव्या अंगाला, बाजेवर होती. लेकरू रडलं. मला आवाज उजवीकडून, दाराकडून आला. मी दाराकडे गेले, तिथं कोणी नव्हतं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं की आवाजाची जागाही चुकेल, डावीकडचा उजवीकडे ऐकू येईल.

मुलगी म्हणाली, "माय, इकडं."

डावीकडे मान वळवायची, असं मला माहीत होतं. मान वळली नाही. मग मी उजवीकडे वळले. अजून उजवीकडे. भिंत आली, खिडकी आली, देवाचा फोटो आला, कपाट आलं, मग बाजेचा पाय आला आणि मग नात, लाल तोंड करून, मुठी आवळून.

"केवढी फिरून आली वं," मुलगी म्हणाली, आणि सरकून मला बाजेवर जागा केली.